गाडी झाली की जाऊ

(बी. ए. द्वितीय वर्ष)

आमच्या घरी गेले वर्षभर एक वाक्य पुनःपुन्हा ऐकू येते : "गाडी झाली की जाऊ." गाडी म्हणजे दादाची मोटारसायकल, आणि 'होणे' म्हणजे दुरुस्त होणे. वहिनीला माहेरी जायचे आहे, गाडी झाली की जाऊ. आजीचे डोळे जालन्याला दाखवायचे आहेत, गाडी झाली की जाऊ. ही गाडी सारखी होत असते. झालेली मात्र क्वचितच दिसते.

संपादक मंडळाने 'आजचा तरुण आणि समाज' या विषयावर लेख मागितले होते. मी दोनदा लिहायला बसले आणि दोन्ही वेळा कागद फाडला. समाज हा शब्द लिहिला की पुढे काय लिहावे ते सुचत नाही. मंठ्यापासून लोणारपर्यंतचा रस्ता मात्र मला आता चांगला कळतो, त्यातला शेवटचा सात किलोमीटरचा तुकडा तर फारच चांगला. म्हणून त्याविषयी लिहिते. गुरुजनांनी गोड मानून घ्यावे.

दादाच्या लग्नाला दीड वर्ष झाले. या दीड वर्षात तो आणि वहिनी दोघेच असे कुठे गेले नव्हते. लग्नानंतर तुळजापूर आणि जेजुरी झाली, पण ती एका जीपमध्ये अकरा माणसे बसून. जेजुरीला नवऱ्याने नवरीला उचलून पायऱ्या चढायच्या असतात. दादाने वहिनीला उचलले तेव्हा आमच्या दोन मावश्या, एक आत्या आणि जीपचा ड्रायव्हर मोठमोठ्याने पायऱ्या मोजत होते. तेवढाच त्यांचा एकांत.

या जानेवारीत वहिनी मला हळूच म्हणाली, "लोणारचं तळं पाहायचं का गं एकदा?" तिचे माहेर लोणारपासून फार दूर नाही, पण तिने ते पाहिले नव्हते. आम्ही मंठ्याचे, आम्हीही पाहिले नव्हते. आमच्यापासून ते चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरवर. जगभरातून लोक येऊन पाहून जातात आणि आम्हाला फक्त पुस्तकातला फोटो ठाऊक.

आता घरात विचारायचे कसे, हा प्रश्न आला. "आम्ही दोघं तळं पाहायला जातो" असे वाक्य आमच्या घरात कोणी कधी उच्चारलेले नाही. तळे काय पाहायचे असते? पाणी तर सगळीकडे असते, किंवा नसते. वहिनी हुशार. तिने चुलीपाशी बसून आईला सांगितले, "लोणारला कमळजादेवी आहे, दर्शन राहिलंय माझं." देवीचे नाव निघताच परवानगी मिळाली. मात्र आजीने आतून अट घातली, "दोघांनीच कामून जायचं? हिलाबी न्या संगं."

'हिला' म्हणजे मला. नणंद सोबत असली म्हणजे लोक बोलत नाहीत, असा हा नियम आहे. नव्या जोडप्याबरोबर एक माणूस पाठवायचे, त्याने मध्ये बसायचे आणि घरी येऊन सगळे सांगायचे. माझ्या किती मैत्रिणींनी हे काम केले असेल ते त्यांनी मनातल्या मनात मोजावे.

पहिला रविवार ठरला. शनिवारी संध्याकाळी गाडी निळा धूर सोडू लागली. मिस्त्री म्हणाले, रिंगा गेल्या, ऑइल जळतंय, सिलिंडर बोअर करावा लागेल. बोअर करायला सिलिंडर जालन्याला लेथवर जातो. तो गेला. "कधी मिळेल?" "उद्या या." उद्याचा परवा झाला आणि रविवार गेला. पुढच्या शनिवारी सिलिंडर आला, नवा पिस्टन आला, पण हेडचे गॅस्केट आले नाही. "उद्या या." दुसरा रविवारही गेला. दोन्ही रविवारी वहिनीने पहाटे उठून धपाटे केले होते. ते आम्ही घरातच दह्याबरोबर खाल्ले. खाताना कोणी काही बोलले नाही.

मिस्त्रींना मी दोष देत नाही. एकटा माणूस, दारात वीस गाड्या, आणि हाताखाली एक पोरगा. तो पोरगा माझ्याच वर्गातला; दहावीनंतर शाळा सुटली त्याची. मला पाहून तो मान खाली घालून पाना शोधू लागला. मीही दुसरीकडे पाहिले. तो गणितात माझ्यापेक्षा पुढे होता. असो, तो वेगळा लेख आहे.

तिसऱ्या रविवारी गाडी खरोखरच 'झाली'. मिस्त्रींनी बजावले, "नवा पिस्टन आहे. सुरुवातीला दमानं चालवा, चाळीसच्या वर नेऊ नका, आणि लोड टाकू नका." लोड म्हणजे मी. दादा पुढे, मध्ये वहिनी, मागे मी आणि माझ्या मांडीवर डब्याची पिशवी. दुचाकीवर तिघांनी बसणे कायद्याने गुन्हा आहे हे मला ठाऊक आहे. प्राचार्यांनी क्षमा करावी. पण आजीच्या कायद्यात दोघांनी बसणे हाही गुन्हाच होता, आणि घरात आजीचा कायदा चालतो.

तळणी मागे पडली. पूर्णेचा पूल आला. ही पूर्णा पुढे गोदावरीला मिळते. तापीला मिळणारी पूर्णा ती निराळी, भूगोलाच्या पेपरात मी एकदा दोन्ही एक करून ठेवल्या होत्या. नदी ओलांडून थोडे पुढे गेले की मराठवाडा संपतो आणि विदर्भ लागतो. रस्त्याला त्यातले काही कळत नाही. दोन्हीकडे तोच हरभरा, तोच वेचून संपत आलेला कापूस. लोणार सात किलोमीटर राहिले होते. तेवढ्यात गाडीने खर्र केले, मागचे चाक घासले आणि ती जागच्या जागी उभी राहिली. किक खाली जाईना. पिस्टन पकडला होता.

हे कसे होते ते दादाने तिथेच सांगितले. नवा पिस्टन सिलिंडरमध्ये घट्ट बसलेला असतो. दोघे एकमेकांना घासून घासून सरावेपर्यंत सबुरीने घ्यावे लागते. त्याआधीच ओझे पडले की पिस्टन तापतो, फुगतो आणि आवळून बसतो. म्हणजे गाडी बंद पडली ती माझ्यामुळे. खरे तर माझ्यामुळेही नाही, दोघांना दोघे जाऊ द्यायचे नाही या आमच्या रिवाजामुळे. यावर वहिनी पटकन बोलून गेली, "नव्या पिस्टनला तरी लोड टाकू नका म्हणून सांगणारा मिस्त्री असतोय." दादाने ऐकले न ऐकल्यासारखे केले. मी ऐकले.

गाडी ढकलत एका चहाच्या टपरीपर्यंत नेली. टपरीवाल्या मामांनी सांभाळायचे कबूल केले. दादा म्हणाला, "चला, परतीची बस बघू. गाडी झाली की येऊ पुन्हा." त्याचा चेहरा फार पडला होता. गाडी बंद पडणे ही पुरुषमाणसाला स्वतःचीच नाचक्की का वाटते, हे मला अजून कळलेले नाही. वहिनी रस्त्याच्या कडेला उभी राहून पुढे पाहत होती. ती म्हणाली, "सात किलोमीटर म्हणजे किती? आमच्या शेतापासून गावाच्या दोन खेपा. चालत जाऊ की."

आणि आम्ही निघालो.

माझा विषय सुरू होतो तो इथे. पायी चालण्याचे कौतुक पुष्कळ लोक करतात. त्याने आरोग्य सुधारते, पैसे वाचतात, हवा शुद्ध राहते, असे आपण निबंधात लिहितो. मंठ्यात सकाळी पांढरे बूट घालून फिरणारे साहेब लोक दिसतात. त्यांना आपण नमस्कार करतो. त्याच रस्त्याने त्याच वेळी हातात विळा घेऊन बाया चालत जातात, त्यांना 'फिरायला निघाल्या' असे कोणी म्हणत नाही. चालणे दोघांचे सारखेच असते, एकाला व्यायाम म्हणतात आणि दुसऱ्याला मजुरी.

म्हणून चालण्याचे कौतुक करताना माझी जीभ अडखळते. ८ मे २०२० ची पहाट आपण जालना जिल्ह्यातल्या लोकांनी तरी विसरू नये. टाळेबंदीत काम बंद पडलेले मध्य प्रदेशातले मजूर आपल्या जालन्याच्या पोलाद कारखान्यातून रेल्वे रुळांवरून चालत भुसावळकडे निघाले होते. थकून ते रुळांवरच झोपले, आणि करमाडजवळ मालगाडीखाली त्यांतले सोळा जण गेले. रुळांवर विखुरलेल्या भाकरींचा फोटो तेव्हा सर्वांनी पाहिला. मी शाळेत होते. आईने तो फोटो पाहून मोबाईल पालथा ठेवला आणि दिवसभर कोणाशी बोलली नाही. ज्यांच्या घरात चालणे हीच एक गाडी होती, त्यांना चालण्याचे गोडवे सांगू नयेत. दादाने हप्त्याने जुनी मोटारसायकल घेतली तेव्हा आईने तिला हळदीकुंकू लावले होते. ते वेडेपण नव्हते. तिच्या पिढीत कोणाला तरी बसून जायला मिळाले होते.

तरीसुद्धा त्या सात किलोमीटरविषयी मला बोलायचेच आहे.

पहिला अर्धा तास आम्हाला कोणी सुखाने चालू दिले नाही. एक मोटारसायकलवाला थांबला, "पेट्रोल संपलं का?" मग एक काळीपिवळी थांबली, "चला, लोणार, लोणार!" दादा म्हणाला, "आम्ही चालत चाललो." ड्रायव्हरने तिघांकडे आळीपाळीने पाहिले आणि काहीतरी पुटपुटत गाडी काढली. पुढे बैल घेऊन जाणारे एक आजोबा भेटले. त्यांनी फारच काळजीने विचारले, "कुणाचं काही बरंवाईट झालं का, पोरांनो?" चांगले कपडे घातलेली तीन माणसे दुपारी पायी चालताहेत म्हणजे घरात नक्की काहीतरी घडले असले पाहिजे! मग आणखी एक भला माणूस थांबला, "मागं जागा आहे, बाईमाणसाला तरी बसवा." वहिनीने हसून नाही म्हटले. तोही काळजी करीतच गेला असेल.

गंमत अशी की या रस्त्याला शेगाव-पंढरपूर दिंडी मार्ग म्हणतात. नाव चालणाऱ्यांचे आहे. वारीत नवरा-बायको शेकडो किलोमीटर पायी जातात, उघड्यावर जेवतात, झाडाखाली झोपतात, आणि कोणी त्यांच्याबरोबर नणंद पाठवीत नाही, कारण विठोबा सोबत असतो. देवाकडे जायचे असले तर जोडप्याला वाट मोकळी आहे. लग्नाला, मयताला, दवाखान्याला जायचे असले तरी मोकळी आहे. नुसते जायचे असले की अडते.

आणि आणखी एका कामासाठी ती मोकळी आहे. ते सांगितल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही. दिवाळी झाली की आमच्या मंठा, परतूर, घनसावंगी भागातून ट्रक आणि ट्रॅक्टर भरून माणसे ऊसतोडीला जातात. माझे आई-बाबा तीन वर्षांपूर्वीपर्यंत जात होते. मुकादमाच्या वहीत नवरा आणि बायको ही दोन माणसे नसतात. दोघे मिळून एक 'कोयता' असतो. उचल कोयत्याला मिळते, हिशोब कोयत्याचा होतो. एकटा माणूस असला तर तो 'अर्धा कोयता'. एक दिवस पडून राहिले तर खाडा लागतो. आमच्या भागात जोडपे सहा-सहा महिने घराबाहेर राहते, बरोबर उठते, बरोबर राबते, एका कोपीत झोपते, आणि त्यात कोणालाही वावगे वाटत नाही. मी त्या काळात आजीजवळ राहून, शाळेच्या हंगामी वसतिगृहात जेवून शिकले. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिली. ती पायरी कशाच्या पैशांतून बांधली गेली ते मला ठाऊक आहे.

लोणारला जायचे ठरले त्या दिवशी मी आईला चिडवले होते, "तू आणि बाबा कधी गेला होता का गं असं फिरायला?" आई म्हणाली, "आमी काय कमी हिंडलो? कराड पाह्यलं, बारामती पाह्यली, पार बेळगावापोत गेलतो."

"काय पाहिलंस बारामतीत?"

"ऊस."

ती हसत होती. मीही हसले. रात्री मात्र मला झोप आली नाही.

तर रस्त्यावर. थोड्या वेळाने लोक विचारायचे थांबले, किंवा आम्ही ऐकायचे थांबलो. मोटारसायकलवर मी त्या दोघांना चिकटून बसले होते. इच्छा असती तरी मला बाजूला होता आले नसते. पायी चालताना मला ती सोय मिळाली. मी चपलेत खडा गेल्याचे निमित्त केले आणि पन्नास पावले मागे राहिले. मग ते अंतर तसेच ठेवले. आजीची अट मोडली नाही आणि माझे कामही झाले. मैत्रिणींनो, तुमच्यावर ही पाळी आली तर खडा लक्षात ठेवा.

मागून मला जे दिसले ते असे. आमच्याकडे बाप्या पुढे आणि बाई चार पावले मागे, अशी चालण्याची रीत आहे. दादा सवयीने पुढे झाला. पण पाच-सहा वर्षे गाडीवर बसून त्याचे पाय विसरले होते. दोन किलोमीटरवर त्याची टाच सोलली, तो लंगडू लागला, आणि वहिनी पुढे गेली. ती थांबली. तो आला. मग ती पुन्हा पुढे गेली, पुन्हा थांबली. शेवटी दोघांनी मिळून मधली काहीतरी गती शोधून काढली आणि ते शेजारी-शेजारी चालू लागले. दीड वर्षात मी त्यांना शेजारी-शेजारी चालताना पहिल्यांदा पाहिले. ते बोलत होते. काय बोलत होते ते मला ऐकू आले नाही, आणि घरी येऊन सांगण्याचा प्रश्नच उरला नाही.

वाटेत बाभळीखाली बसून आम्ही धपाटे खाल्ले. शेतातल्या आजींनी हरभऱ्याचे दोन डहाळे दिले. पैसे विचारले तर रागावल्या. तिथे वहिनी एक गोष्ट म्हणाली. "मघापासून मला चुकल्या-चुकल्यासारखं होतंय. हाताचं काय करावं कळंना. आजवर रिकाम्या हातानं येवढं कधी चालले न्हाई मी. डोक्यावर हंडा न्हाईतर मोळी, न्हाईतर कडेवर भाऊ." मग तिने उठून रस्त्यावर दोन्ही हात हलवत चालून दाखवले, शाळेत कवायतीला चालतात तसे. दादा इतका हसला की त्याला ठसका लागला. मी हसले नाही. मी माझ्या हातांकडे पाहत होते. डब्याची पिशवी माझ्या हातात होती.

कॉलेजात आपण स्त्रीमुक्तीवर वादविवाद ऐकतो, बक्षिसेही मिळवतो. मला त्यातले फार काही येत नाही. पण रिकाम्या हाताने सात किलोमीटर चालणे ही चोवीस वर्षांच्या बाईला नवी गोष्ट वाटावी, यावर कोणीतरी बोलायला हवे होते.

लोणारचे तळे जवळ येईपर्यंत दिसत नाही. विवराचा काठ भोवतालच्या जमिनीपेक्षा वीस-तीस मीटर उंचावलेला आहे, त्यामुळे आपण साधा चढ चढतो आहोत असे वाटते, आणि अचानक पायाखालची जमीन संपते. समोर एवढी मोठी वाटी की डोळ्यांत मावत नाही. रुंदी एक किलोमीटर आठशे मीटरच्या आसपास, खोली सुमारे दीडशे मीटर; तळाशी पाणी आणि उतारावर झाडी. उल्केच्या आघाताने काळ्या बेसाल्ट खडकात झालेले हे विवर. अशी बेसाल्टमधली विवरे पृथ्वीवर फार थोडी आहेत. १८२३ मध्ये अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने त्याची नोंद केली. हा ज्वालामुखी असावा असेच पुढे बराच काळ समजत. जून २०२० मध्ये पाणी एकाएकी गुलाबी झाले तेव्हा ते पेपरात आले होते. खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांमुळे ते घडले, असे तपासणीत निघाले. त्याच वर्षी ते रामसर यादीत गेले. आम्ही पाहिले तेव्हा ते हिरवट होते आणि उन्हात चमकत होते.

मी काठावर उभी राहून ही माहिती सांगू लागले. पहिल्या पिढीतल्या कॉलेजकन्येचा हा दोष समजावा. कुठेही गेले तरी तिला प्रश्नपत्रिका दिसते. त्यातली एक गोष्ट मात्र वहिनीला आवडली. विवराचे वय एका पद्धतीने मोजले तर सुमारे पन्नास हजार वर्षे येते आणि दुसऱ्या पद्धतीने मोजले तर पाच लाख सत्तर हजार. वहिनी म्हणाली, "मग आपले दोन रविवार गेले तर तळ्याला काय फरक पडला?" दादा म्हणाला, "तळ्याला न्हाई पडला." आणि गप्प झाला. तो काही वेळ तिच्याकडे पाहत राहिला. मी पुन्हा चपलेतला खडा काढला.

खाली उतरायला वेळ पुरणार नव्हता. परतीची बस गाठायची होती. म्हणून काठाकाठाने जमेल तेवढे चाललो. पूर्ण फेरी मारली तर सहा किलोमीटरच्या आसपास भरेल. आम्ही निम्मीही मारली नसेल. दादा टाच उचलून चालत होता, पण 'बस झाले' म्हणाला नाही. कमळजादेवीला वरूनच हात जोडले. देवीच्या नावाने निघालो आणि देवीलाच दुरून नमस्कार केला, याचे मला थोडे वाईट वाटले. वहिनीला वाटले नाही. ती म्हणाली, "तिलाबी कळतंय."

संध्याकाळी एस. टी.ने परत आलो. १७ मार्च २०२३ पासून एस. टी.त महिलांना अर्धे तिकीट आहे, त्यामुळे दादाचे एक पूर्ण आणि आमची दोन अर्धी. दादाने खिशातल्या खिशात हिशोब केला. पिस्टन, रिंगा, गॅस्केट आणि लेथची मजुरी या पैशांत आम्ही तिघे लोणारला किती वेळा जाऊन आलो असतो, ते त्याने मला सांगितले. घरी सांगू नको म्हणाला, म्हणून लिहीत नाही. बस दर दिवशी मंठ्यावरूनच जाते. पहिल्या रविवारीही ती गेली असणार. आम्ही अंगणात दह्याशी धपाटे खात बसलो होतो तेव्हाही.

आता कोणी विचारील, मग तुझे म्हणणे काय? गाड्या घेऊ नयेत? घ्याव्यात. माझ्या आईने गाडीत बसूनच जावे, शक्य तर पुढच्या सीटवर बसून, असे मला वाटते. माझे भांडण त्या वाक्याशी आहे. गाडी झाली की जाऊ, पीक आले की जाऊ, कर्ज फिटले की जाऊ, पोरे मोठी झाली की जाऊ. गरिबाच्या घरात प्रत्येक सुखापुढे असा एक 'की' बसवलेला असतो, आणि तो बहुधा आम्हीच बसवतो. माझे आई-बाबा वीस वर्षे बरोबर हिंडले आणि त्यांनी ऊस पाहिला. तो मुकादमाचा दोष, कारखान्याचा दोष, पावसाचा दोष, हे सगळे मला मान्य आहे. पण गेली तीन वर्षे ते घरीच आहेत, पूर्णा अर्ध्या तासावर आहे आणि बस आहे. आता कशाची वाट पाहायची?

आमची गाडी एका टेम्पोत घालून मंठ्याला आणली. ती पुन्हा मिस्त्रींच्या दारात उभी आहे. सिलिंडर पुन्हा जालन्याला गेला आहे.

लोणारहून आलो त्या रात्री आईने जेवताना एवढेच विचारले, "दर्शन झालं का?" मी म्हटले, "वरून झालं." ती काही बोलली नाही. दोन दिवसांनी भांडी घासता घासता तिने विचारले, "तिथं लई चढ हाय का गं?" मी म्हटले, नाही, काठावर बरेचसे सपाट आहे. ती म्हणाली, "तुझ्या बापाचे गुडघे दुखत्यात म्हणून इचारलं."

मी रविवारच्या बसची वेळ विचारून ठेवली आहे. यावेळी कोणी सोबत जाणार नाही, हे मी आजीला सांगितले; आजी म्हणाली, त्यांना कशाला पाहिजे सोबत, म्हातारे झाले ते. आईच्या चपलेचा अंगठा तुटला होता, तो मीच बाजारात शिवायला टाकला. शिवणाऱ्या काकांसमोर चपलांचा ढीग होता. त्यांनी आमची त्यात ठेवली आणि म्हणाले, "उद्या या."

मी म्हटले, "नाही काका, बसते मी इथेच."